लघवीत प्रथिने ‘एक प्लस’: मोजायचे कसे आणि कार्डावर लिहायचे काय

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राच्या सिस्टरांकडे २२ वर्षांची, पहिलटकरीण, ३२ आठवड्यांची बाई आली. पट्टीवर प्रथिने १+, बीपी १२८/८४, पायांवर थोडी सूज. दोन दिवसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्टी लावली तर ‘ट्रेस’, म्हणजे जेमतेम खूण. घरचे विचारतात, एक म्हणते आहे, दुसरे म्हणते नाही, खरे कोणाचे? सिस्टरांचे प्रश्न दोन: पुढे पाठवायचे का, आणि कार्डावर लिहायचे काय?

सिस्टर, दोन्ही पट्ट्या खऱ्या असू शकतात. पट्टी दिवसभरात किती प्रथिने गेली ते मोजत नाही. त्या घटकेच्या लघवीत ती किती दाट आहेत, एवढेच ती सांगते. तेच चिमूटभर मीठ वाटीत टाकले तर खारट, घागरीत टाकले तर कळतही नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी शेतात जाते, आडोसा नाही म्हणून पाणी पिणे टाळते, आणि अकरा वाजता तुमच्याकडे येते तेव्हा लघवी चहासारखी गडद असते. तीच बाई आरोग्य केंद्रात दोन तास रांगेत बसते, मध्ये दोन ग्लास पाणी पिते, आणि पट्टी फिकी पडते. म्हणून ‘१+’ हे निदान धरू नका. आता मोजमाप करायला हवे, एवढाच त्याचा अर्थ. आणि नंतरची ‘ट्रेस’ आली म्हणून आधीची १+ खोडूही नका.

पट्टी नीट लावणे

बहुतेक डब्यांवर १+ म्हणजे दर डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००. चार प्लसचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून डब्यावरचाच तक्ता वापरा. भिंतीवर चिकटवलेला जुना तक्ता दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो काढून टाका.

नमुना ताजा आणि मधल्या धारेचा हवा. आधी पुढून मागे साध्या पाण्याने धुवायला सांगा. क्लोरहेक्झिडिन किंवा सेट्रिमाइड असलेल्या जंतुनाशकाने पुसले असेल तर त्याचा अंश लघवीत उतरून पट्टी खोटी हिरवी होते. घरून आणलेली औषधाची किंवा लोणच्याची बाटली नको. तिच्यात साबणाचा अंश राहतो, शिवाय नमुना कधीचा तेही कळत नाही. अंगावरून पांढरे किंवा रक्त जात असेल, पाणमोट फुटली असेल, तर त्यातली प्रथिने लघवीत मिसळतात. तसे असेल तर ते नोंदवा आणि खात्रीच्या नमुन्यासाठी कॅथेटरचा विचार डॉक्टरांवर सोडा.

पट्टी बुडवून लगेच बाहेर काढा, कड भांड्याला पुसा, आडवी धरा. लघवीत तशीच ठेवली तर चौकटीतले आम्ल धुऊन जाते आणि रंग चुकतो. प्रथिनांचा रंग साधारण ६० सेकंदांनी वाचतात, साखरेचा बऱ्याच पट्ट्यांत ३० सेकंदांनी. वेळ डब्यावरून बघा आणि घड्याळ लावून मोजा. सत्राच्या गर्दीत पाच-सहा पट्ट्या ओळीने मांडून शेवटी एकदम वाचायची सवय सगळीकडे दिसते. तिथे पहिल्या बाईची पट्टी पाच मिनिटांची झालेली असते आणि रंग उगाच गडद दिसतो. वाचायला दाराशी उजेडात या. पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि हिरवट-पिवळा यांतला फरक कळत नाही, आणि निल ते १+ हा सगळा खेळ त्याच दोन रंगांतला आहे.

विदर्भात वेगळी काळजी डब्याची घ्यावी लागते. पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात किंवा गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. झाकण उघडे राहिले, आतली ओलावा शोषणारी पुडी कोणी फेकून दिली, की पावसाळ्यात डबा महिनाभरात बाद होतो. डबा उघडल्याची तारीख त्याच्यावरच पेनाने लिहा. शंका आली तर साध्या सलाईनमध्ये एक पट्टी बुडवा, ती निल यायला हवी. मग १०० मिलिलिटर सलाईनमध्ये १ मिलिलिटर अंड्याचा पांढरा बलक ढवळून दुसरी बुडवा, ती ठळक हिरवी व्हायला हवी. तशी झाली नाही तर डबा फेका. पट्ट्या पुरवून वापरायच्या म्हणून उभ्या कापून दोन करणे हा निव्वळ तोटा आहे.

नमुना लगेच तपासायचा नसेल तर तो उन्हात ठेवू नका. उबेत जिवाणू वाढतात, युरियाचा अमोनिया होतो, लघवी अल्कधर्मी होते आणि पट्टी खोटी प्रथिने दाखवते. हाच परिणाम लघवीची जळजळ थांबवायच्या सायट्रेटच्या सिरपने होतो. गावातल्या दुकानातून ते कोणीही आणते. त्यामुळे ‘जळजळीचे औषध घेतले का?’ हे विचारल्याशिवाय १+ लिहू नका. दहा चौकटींच्या पट्टीवर पीएच ८ किंवा वर असेल तर प्रथिनांच्या चौकटीवर विसंबू नका. आणि थंड ठेवायचा म्हणून नमुना आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या फ्रीजमध्ये, मात्र ठेवायचा नाही. तिथे लसीशिवाय काहीही चालत नाही.

पट्ट्या संपल्या तर उकळण्याची जुनी परीक्षा अजूनही उत्तम. परीक्षानळी दोन तृतीयांश भरा, तळाशी चिमट्याने तिरपी धरा, फक्त वरचा भाग तापवा आणि खालच्या स्वच्छ भागाशी ताडून बघा. वर धुरकट झाले तर २ ते ३ टक्के अॅसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. धूसरपणा विरघळला तर ते फॉस्फेट. राहिला किंवा वाढला तर प्रथिने. लघवी आधीच गढूळ असेल तर गाळून घ्या, नाहीतर तुलनेला काही उरत नाही. आम्ल टाकायचे विसरून ‘अल्ब्युमिन पॉझिटिव्ह’ लिहिणे ही या परीक्षेतली नेहमीची चूक.

आकडा कसा काढायचा

१+ किंवा जास्त आले की लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण काढायला एक नमुना पाठवा. क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, तो दिवसभर जवळपास एकाच वेगाने बाहेर पडतो. लघवी दाट झाली की दोन्ही वाढतात, पातळ झाली की दोन्ही घटतात, म्हणून भागाकारात पाण्याचा घोटाळा निघून जातो. उदाहरण बघा. शेतातून आलेल्या बाईची प्रथिने ३६, क्रिएटिनिन २४० मिलिग्रॅम दर डेसिलिटर: पट्टी १+ दाखवील, पण प्रमाण ३६ भागिले २४० म्हणजे ०.१५, हे ठीक आहे. भरपूर पाणी प्यालेल्या दुसरीची प्रथिने २०, क्रिएटिनिन ४५: पट्टीवर ट्रेस, प्रमाण मात्र ०.४४, म्हणजे मर्यादेच्या वर. तुमची बाई यांपैकी कोणती, हे दोन पट्ट्यांवरून कोणीच सांगू शकत नाही.

मर्यादा ०.३ ची. २४ तासांच्या लघवीत ३०० मिलिग्रॅम ही जी जुनी रेषा आहे, तिच्याशी ती जुळते. या नमुन्यासाठी पहाटेची पहिली लघवी टाळा आणि दिवसातली नंतरची कोणतीही घ्या. क्रिएटिनिनचा आकडाच अगदी लहान असेल तर भागाकार डगमगतो, तेव्हा नमुना पुन्हा घ्या.

घोळ होतो तो एककांत. काही प्रयोगशाळा ०.३ असे देतात, काही ‘दर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅम’, काही ‘दर मिलिमोलला ३०’. तिन्ही जवळपास एकच. पण अहवालावर ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन’ असे असेल तर ती वेगळी तपासणी आहे. तिच्यात मधुमेहासाठी दर ग्रॅमला ३० ची रेषा छापलेली असते. गरोदरपणात त्याच तपासणीची मर्यादा दर मिलिमोलला ८, म्हणजे दर ग्रॅमला साधारण ७०. छापील रेषेवरून लाल अक्षरात ‘हाय’ आले म्हणून बाईला रात्री गाडीत घालू नका. म्हणूनच वहीत आकडा एककासह उतरवा, आणि तपासणीचे पूर्ण नावही लिहा.

२४ तासांची लघवी आता क्वचित लागते, आणि घरी गोळा करणे आपल्याकडे जवळजवळ अशक्यच. एकदा शेतात किंवा परसाकडे गेली की हिशेब फसला. करायचीच तर दाखल करून: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, ती वेळ लिहा, तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटचीही कॅनमध्ये. पहिली धरायची आणि शेवटची टाकायची, असा उलटा प्रकार हमखास होतो. एकूण १,६०० मिलिलिटर आणि प्रथिने दर डेसिलिटरला २४ मिलिग्रॅम असतील तर १६ गुणिले २४, म्हणजे ३८४ मिलिग्रॅम. सोबत त्याच लघवीचे एकूण क्रिएटिनिनही मागा. ते गरोदरपणाआधीच्या वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले तर गोळा करण्यात गळती झाली आहे.

प्रथिने आहेत म्हणजे नेमके काय?

इथे तीन-चार वाटा फुटतात, आणि कोणती ते ठरते आठवड्यांवरून आणि बीपीवरून.

२० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर, चार तासांच्या अंतराने दोनदा, आणि सोबत प्रथिने, तर प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातला वाढत्या बीपीचा धोकादायक आजार. पण उलटे लक्षात ठेवा: प्रथिने नसतानाही प्री-एक्लॅम्पसिया असतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच ही अट सैल केली. वाढलेल्या बीपीसोबत प्लेटलेट एक लाखाच्या खाली, यकृताचे एन्झाइम दुप्पट, रक्तातले क्रिएटिनिन १.१ च्या वर, फुफ्फुसात पाणी, न थांबणारी डोकेदुखी किंवा दिसण्यात फरक, यांपैकी काहीही पुरे. ‘लघवी निल आहे, घरी जा’ या वाक्याने बायका झटक्यांत आलेल्या आहेत. निल पट्टीने वाढलेला बीपी माफ होत नाही.

बीपी ठीक, प्रथिने ०.३ च्या वर, २० आठवड्यांनंतर पहिल्यांदाच: हा गरोदरपणातला निव्वळ प्रथिनमेह. यातल्या काही बायकांचा बीपी पुढे चढतो, प्रथिने आधी दिसतात एवढेच. यांना आठवड्याला किमान एकदा, जमल्यास दोनदा बीपी, आणि रक्ताच्या तपासण्या.

२० आठवड्यांच्या आत प्रथिने दिसली तर मूत्रपिंडाचा जुना आजार आधी आठवा. इथे एक सापळा आहे. गरोदरपणात रक्तातले क्रिएटिनिन साधारण ०.४ ते ०.८ पर्यंत उतरते. अहवालावर १.० ‘नॉर्मल’ छापलेले असते, पण या बाईसाठी ते नॉर्मल नाही. पहिल्या नोंदणीची लघवी म्हणूनच सर्वांत मोलाची. १२ आठवड्यांच्या आतली ‘निल’ हाताशी नसेल तर ३२ आठवड्यांची १+ नवी की जुनी, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

लघवीतला जंतुसंसर्ग १+ पर्यंत प्रथिने दाखवू शकतो. नायट्राइट किंवा पांढऱ्या पेशींची चौकट रंगली तर कल्चर पाठवा, औषध द्या, आणि संपल्यावर प्रथिने पुन्हा बघा. २+ किंवा जास्त प्रथिनांचे खापर संसर्गावर फोडून मोकळे होऊ नका.

आणि आपल्याकडचा खास मुद्दा: सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, यवतमाळ, कुठेही असा, कार्डावर सिकलसेलचा निकाल नसेल तर आधी तो मिळवा. या आजारात मूत्रपिंडातूनच प्रथिने गळू शकतात. शिवाय त्या मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. म्हणजे सिकलसेलच्या बाईची लघवी कायम पातळ, आणि पट्टी खरी गळतीही लपवते. तिच्या बाबतीत ‘ट्रेस’लाही १+ सारखेच धरा आणि सुरुवातीलाच प्रमाण काढून ठेवा.

पायांची सूज निदानात धरत नाहीत. तोंडावर, हातांवर अचानक आलेली सूज, बांगड्या घट्ट होणे, आठवड्यात झपाट्याने वाढलेले वजन, हे मात्र लिहा.

घरच्यांना एक सांगून ठेवा. लघवीतून प्रथिने जातात म्हणून डाळ-अंडी बंद करायची नाहीत, आणि भरून काढायला प्रोटीन पावडरही नको. मीठ तोडूनही काही साधत नाही.

कार्डावर काय लिहायचे

बाई पहिलटकरीण आहे. डोहाळजेवण झाले की ती माहेरी जाणार, बहुधा दुसऱ्या तालुक्यात. तुमचे रजिस्टर सासरच्या उपकेंद्रात राहील, तिच्यासोबत जाईल ते फक्त माता-बाल संरक्षण कार्ड. तिकडच्या सिस्टरांनी तुम्हाला कधी पाहिलेले नाही. त्यांना कळेल असेच लिहायचे. नुसते ‘अल्ब. +’ त्यांच्या काही उपयोगाचे नाही: कधी, कोणत्या लघवीत, बीपी किती असताना?

रकान्यात ‘१+’ लिहा आणि मागच्या मोकळ्या जागेत किंवा जोडलेल्या कागदावर ही नोंद:

‘१२ डिसें. ३२ आठवडे ३ दिवस, पहिल्या सोनोग्राफीवरून. लघवी ताजी, मधली धार, स. ११.१०, रंग गडद, सकाळपासून पाणी एक तांब्या. पट्टी ६० सेकंदांनी: प्रथिने १+, साखर निल. पांढरे, रक्त, जळजळ नाही; सिरप घेतलेले नाही. बीपी १२८/८४, दहा मिनिटांनी १२६/८२, बसून, उजवा हात. डोकेदुखी, अंधारी, पोटाच्या वर दुखणे विचारले, नाही. सिकलसेल निगेटिव्ह. आधीची लघवी १० आठ. निल, २८ आठ. निल. १४ डिसें. प्रा. आ. केंद्र: ट्रेस, लघवी पातळ. प्रमाणासाठी नमुना पाठवला, निकाल बाकी.’

‘विचारले, नाही’ आणि कोरी जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तसाच ‘निल’ आणि ‘तपासले नाही’ यांत. पट्ट्या संपल्या होत्या तर तसे लिहा. मागच्या भेटीचे ‘निल’ खाली ओढणे हा या रकान्यातला सर्वांत घातक प्रकार, कारण तो पकडता येत नाही. ‘निकाल बाकी’ची जबाबदारी नावाने कोणाची, हेही ठरवा. नाहीतर अहवाल प्रयोगशाळेच्या खणात राहतो आणि बाई माहेरी.

निदानाच्या जागी घाईने ‘प्री-एक्लॅम्पसिया’ नको. बीपी ठीक असेपर्यंत ‘गरोदरपणातील प्रथिने, कारण तपासत आहोत’ एवढेच. प्रमाण ०.३ च्या वर सिद्ध झाले आणि बीपी नॉर्मल असेल तर आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक संकेतसूचीत ओ १२.१, सोबत सूजही असेल तर ओ १२.२. हा गटच ‘रक्तदाब नसताना’ असा आहे, त्यामुळे बीपी चढून प्री-एक्लॅम्पसिया ठरला की संकेत ओ १४ चा होतो आणि जुना बदलावा लागतो. डिस्चार्ज कार्डावर दोन्ही एकत्र दिसले की समजावे, कोणीतरी न वाचता उतरवले आहे.

कधी पाठवायचे

तुमच्या बाईला आज १०८ बोलवायची गरज नाही. प्रमाणाचा नमुना या आठवड्यात, बीपी तीन दिवसांनी, आणि ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. पण ९ तारीख तीन आठवडे लांब असेल तर तिची वाट बघू नका. प्रमाण ०.३ च्या खाली आले तरी पुढच्या प्रत्येक भेटीला पट्टी आणि बीपी दोन्ही.

त्याच दिवशी पाठवायची कारणे: बीपी १४०/९० किंवा वर आणि सोबत प्रथिने; प्रथिने २+ किंवा जास्त, मग बीपी कसाही असो; डोकेदुखी, अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, धाप, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल कमी वाटणे. भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथे ही रेषा आणखी खाली आणा आणि १+ वरच, नदी उतरलेली असताना, बाईला माहेरघरात (प्रसूतीआधी राहायच्या सरकारी सोयीत) किंवा ग्रामीण रुग्णालयात हलवा.

१६०/११० किंवा झटका आला तर मॅगसल्फचा (झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा) पहिला डोस देऊनच गाडीत घाला: ५० टक्क्यांचे २ मिलिलिटरचे अँप्युल म्हणजे १ ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत खोल स्नायूत पाच-पाच, एकूण १० ग्रॅम. बीपीची गोळी डॉक्टरांना फोनवर विचारून, गिळायला द्यायची, जिभेखाली नाही. डोस आणि वेळ रेफरल चिठ्ठीवर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात. पुढच्या डॉक्टरांना पहिला डोस गेला हे कळले नाही तर ते तोच पुन्हा देतील.

प्री-एक्लॅम्पसिया एकदा ठरला की रोज प्रथिने मोजत बसू नका. ती ३०० वरून ३,००० मिलिग्रॅमवर गेली एवढ्यावरून प्रसूती लवकर करायचे ठरत नाही, ते बीपी, रक्ताच्या तपासण्या आणि बाळ यांवर ठरते. फक्त प्रमाण ३ च्या वर असेल तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेवढे डॉक्टरांच्या नजरेस आणून द्या.

बाळंतपणानंतर ही नोंद बंद करायची नाही. सहा आठवड्यांनी, बहुधा बाळाच्या पहिल्या पेंटाव्हॅलंट लसीच्या दिवशी, आईचीही लघवी आणि बीपी घ्या. अजून १+ असेल तर प्रमाण काढा, आणि तीन महिन्यांनीही राहिले तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे, नागपूर, सेवाग्राम, जे जवळ पडेल तिथे. त्या दिवशी बाई बहुधा माहेरीच असेल, म्हणून ‘६ आठवड्यांनी आईची लघवी’ हे आत्ताच कार्डाच्या लसीकरणाच्या पानावर लिहून ठेवा. बाळंतपणानंतर तेच पान उघडले जाते.